पुरात बुडालेली पिकअप: ठेवायची की सोडायची (नोंदी)

२५ जुलै २०२१, रविवार

आज गाडीपर्यंत पोचलो. गुरुवारी २२ ला पहाटे चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा मी चढावरच्या घरी आणि गाडी खाली गोडाऊनसमोर. म्हणलं गुडघाभर येईल नि जाईल, दरवर्षीचंच आहे. तर हे असं. गाडी लावलेल्या जागेवरून वीसेक फूट पुढे सरकलेली, तोंड शेजारच्या शटरमध्ये घुसलंय आणि मागचं एक चाक गटाराच्या कठड्यावर. काकांनी २००५ च्या पुराची रेघ गोडाऊनच्या भिंतीवर ऑइल पेंटने मारून ठेवलीय, ह्या वेळचा गाळाचा पट्टा तिच्यापेक्षा हातभर वर आहे. म्हणजे गाडीच्या टपावरून पाणी गेलं हे मोजायची पण गरज नाही.

हौद्यात गुहागरकडच्या दुकानांचा माल भरलेला होता, १४ पोती तांदूळ, तेलाचे डबे, मीठ, पेंड. तांदूळ फुगून पोती उसवलीत, फाळका उघडला तर आंबलेल्या भाताचा असा वास आला की दादा बाजूला जाऊन ओकला. मालाचं गाडीच्या विम्यात काही मिळत नाही हे आधीच लिहून ठेवतो म्हणजे परत परत मनात यायला नको.

दादाने खिशातून चावी काढली, म्हणाला एकदा सेल मारून तर बघू. मी अक्षरशः हात धरला त्याचा. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल मारला की पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वर कंपनी म्हणणार हे पुराने नाही तुम्ही केलंत, द्या सोडून. बॅटरीची निगेटिव्ह काढली, चावी मी माझ्याकडे घेतली. दादा रुसलाय.

२६ जुलै

विमा कंपनीच्या टोलफ्रीवर फोन लागला एकदाचा, नेटवर्कसाठी वरच्या आळीत जावं लागलं. क्लेम नंबर मिळाला. बाई म्हणाल्या, सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) येईपर्यंत गाडीला हात लावू नका. कधी येणार? सांगता येत नाही सर. वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग गेल्यामुळे हायवे बंद, कुंभार्ली घाटात दरड, येणार तरी कुठून तो.

इकडे चाचा (आमचे मिस्त्री, त्यांचं स्वतःचं गॅरेज पण बुडालंय, तरी आले बिचारे) म्हणतात आज ऑइल नाही काढलं तर आठ दिवसांत आत गंज धरेल, मग सर्व्हेअर येऊन फक्त फोटो काढेल. दोघंही आपल्या जागी बरोबर. मधला मार्ग काढला, सगळ्याचा व्हिडिओ करायचा, त्यात नंबर प्लेट, गाळाची लाइन, ऑइलची काडी सगळं दाखवायचं आणि मग काढायचं.

इंजिनचा ड्रेन नट सैल केला. पहिल्यांदा पाणी आलं, गढूळ पण नाही, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी, तांब्याभर तरी असेल, आणि मग त्याच्यामागून काळं ऑइल. चाचा म्हणाले ही चांगली खूण आहे, ऑइल आणि पाणी वेगळं आलं म्हणजे घुसळलं गेलं नाही, इंजिन फिरलेलं नाही. क्राउनचं (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याचं) ऑइल मात्र वाईट, दुधाच्या चहासारखं आलं, कडेला गाळ. ब्रिदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी शिरलं असणार. गिअरबॉक्सचं ऑइल ह्या दोन्हींच्या मधे कुठेतरी.

मग चारही सिलिंडरचे डिझेलचे नोझल काढले आणि पुढून पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवलं. पहिल्या अर्ध्या फेरीत अडकलं, चाचांनी डोळे मिटले, मग सुटलं आणि दोन नंबरच्या भोकातून पिचकारी थेट त्यांच्या शर्टावर. नंतर फेऱ्या सरळ. चारही भोकांत थोडं थोडं ऑइल ओतून, परत फिरवून, कापडी बोळे लावून ठेवले.

आज पहिल्यांदा वाटलं की ही गाडी मेलेली नाही. २०१५ चं मॉडेल आहे, बोलेरो पिकअप, जुनं डीआय डिझेल इंजिन, डिझेलचा पंप मेकॅनिकल. ईसीयू बिसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काही नाही. समोरच्या फार्मसीवाल्यांची दोन वर्षांची नवी गाडी, सगळी सेन्सरवाली, तिच्याकडे बघून चाचा नुसतीच मान हलवत होते.

३० जुलै

सर्व्हेअर आले. रेनकोट, गमबूट, चेहऱ्यावर झोप नाही, सकाळपासूनची सतरावी गाडी म्हणाले. माणूस सरळ वाटला. ऑइल काढलं म्हणून चिडतील असं वाटलेलं, तर व्हिडिओ बघून म्हणाले बरं केलंत, नुकसान वाढू न देणं हे पॉलिसीतच लिहिलंय. पण गाडी अधिकृत वर्कशॉपला टो करून एस्टिमेट आणावं लागेल. टोइंग २,५००, ते पण ओळखीने.

४ ऑगस्ट

एस्टिमेट ३ लाख १० हजार!! पॉलिसीतली आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) २ लाख ६० हजार. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही आपण नि कंपनी मिळून ठरवतो म्हणतात, मी काय ठरवलं, एजंटने आकडा टाकला आणि मी सही केली.

वर्कशॉपने सरसकट लावलंय. वायरिंगचा पूर्ण हार्नेस नवा, पंप नवा, क्लच, स्टार्टर, अल्टरनेटर, मीटर, डॅशबोर्ड, सीट, ब्रेकचं सगळं, इंजिन उघडून हाफ काम. त्यांचा पण दोष नाही, ते पुसून वापरत नाहीत, बदलतात.

८ ऑगस्ट, रविवार

सर्व्हेअर फोनवर अर्धा तास बोलले. समजलं ते लिहितो.

दुरुस्तीचा क्लेम धरला तर ३ लाख १० हजार कोणी देत नाही. गाडी पाच ते दहा वर्षांतली, त्यामुळे लोखंडी पार्टवर ४० टक्के घसारा, रबर-प्लास्टिक-बॅटरीवर ५० टक्के, फक्त काच पूर्ण. वर मालवाहू गाडीच्या पॉलिसीत आयएमटी २३ नावाचं एक कलम जादा पैसे भरून घ्यावं लागतं, ते नसेल तर लाइट, टायर, मडगार्ड, बंपर, रंग ह्यांचं शून्य. ते मी घेतलेलं नाही. सहा वर्षांत एजंटने त्याचा उच्चार केला नाही आणि मी पण पॉलिसीचं पहिलं पान सोडून दुसरं वाचलं नाही. हे सगळं वजा करून कंपनीची देणी १ लाख ९८ हजार.

आता नियम असा की दुरुस्तीची देणी आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेली की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरतात. २ लाख ६० चे ७५ टक्के म्हणजे १ लाख ९५. तीन हजारांनी माझी गाडी टोटल लॉस झाली. तीन हजार! एखादा पार्ट इकडे तिकडे झाला असता तर दुरुस्तीत बसली असती आणि मी खिशातून १ लाख १२ हजार घालत बसलो असतो, म्हणजे खरं तर बरंच झालं, पण ऐकायला विचित्र वाटतं. आईला सांगितलं टोटल लॉस झाली तर ती रडायला लागली, तिला वाटलं आता काहीच मिळणार नाही.

मिळणार आहे. दोन वाटा. एक, २ लाख ६० मधून सक्तीचे ५०० वजा, २ लाख ५९ हजार ५०० घ्या आणि गाडी सोडा, ते ती भंगारवाल्याला देतील. दोन, गाडी आपणच ठेवा, मग भंगाराची जी बोली लागलीय ती आपल्या रकमेतून कापतात आणि बाकीचे देतात. बोली आलीय १ लाख १५ हजार, आरसीसकट.

बोली जास्त आली म्हणून आनंद झाला पाहिजे असं आधी वाटलं. उलट आहे. ठेवणाऱ्याला बोली जितकी जास्त तितकं नुकसान.

९ ऑगस्ट

रात्री झोप नाही म्हणून हिशेब.

दादाचं म्हणणं सोपं आहे. तो म्हणतो चाचा लाखभरात गाडी उभी करून देतायत, कंपनी १ लाख ४४ हजार देतेय, म्हणजे गाडी पण आली आणि वर ४४ हजार खिशात, विचार कसला करतोस. बाजारपेठेत चारजणांनी हेच सांगितलं आणि मी पण दोन दिवस असाच मोजत होतो.

पण ते १ लाख १५ कापले जातायत ते कोणाचे? माझेच ना. गाडी सोडली तर ते मला मिळतात. मग गाडी ठेवणं म्हणजे १ लाख १५ देऊन एक पुरात बुडालेली गाडी विकत घेणं आणि वर लाखभर घालणं, २ लाख १५. दुसऱ्या कोणी मला अशी गाडी २ लाख १५ ला दाखवली असती तर मी तिच्याकडे बघितलं पण नसतं. पूर न बघितलेली २०१५ ची पिकअप पावणेतीन-तीनला मिळते, आणि पुरातली विकायला काढली तर सव्वादोनच्या वर कोणी विचारणार नाही.

दादाला हे समजवायला एक तास गेला. शेवटी म्हणाला तू कॉलेजला अकाउंट घ्यायला हवं होतंस.

गाडी सोडून नवी घ्यायची तर? ऑन रोड नऊच्या पुढे. साडेसात लाखांचं लोन, ११ टक्के, पाच वर्षं, हप्ता १६,३००. लॉकडाउनने दोन आंब्याचे सीझन अर्धेच झालेत, दुकानं गाळात, उधारी पाण्यात. नाही जमणार.

सेकंडहँड? ह्यावर चाचा जे बोलले ते डोक्यातून जात नाही. म्हणाले, ह्या महिन्यात चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूर सगळीकडे गाड्या बुडाल्यात, त्यातल्या निम्म्या दिवाळीपर्यंत पॉलिश होऊन बाहेर पडतील, दुसऱ्याची धुतलेली घेण्यापेक्षा आपली बुडालेली बरी, निदान कुठपर्यंत बुडाली ते माहीत तरी आहे.

मग ठरवलं. बोली लाखाच्या आत आली आणि चेसिस साफ निघाली तर ठेवायची. दोन्हीतलं एक जरी नाही झालं तर सोडायची, रडायचं नाही.

११ ऑगस्ट

सर्व्हेअरना विचारलं, बोली आधीची आहे, आता तर गल्लीगल्लीत बुडलेल्या गाड्या पडल्यात, आज हा भाव कोण देईल? म्हणाले तुमच्याकडून कोणाची लेखी बोली असेल तर आणा, मी परत मागवतो. कराडच्या एका भंगारवाल्याकडून ८५ हजारांचं पत्र आणलं. बघू.

१४ ऑगस्ट

चेसिस. ह्याच्यावर जरा सविस्तर लिहितो कारण ह्याबद्दल कोणी सांगत नाही, सगळे इंजिन इंजिन करतात.

चेसिसच्या लांब दांड्या आतून पोकळ, मधेमधे भोकं. पुराचं पाणी त्यातून आत गेलं, पाणी निघून गेलं, गाळ राहिला. तीन आठवड्यांत तो असा बसलाय की स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर सिमेंटसारखा आवाज येतो. हा आत ओला राहिला तर चेसिस आतून कुजते, वरून रंग चकचकीत आणि दोन वर्षांनी घाटात भरलेली गाडी मधे बसते. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर पंपाची नळी मागच्या भोकात घातली आणि पुढून धरून बसलो. पहिली दहा मिनिटं काही नाही. मग चॉकलेटी लगदा, मग धार. त्यात तांदूळ, कोणाच्या तरी दुकानातली बटणं, हळदीचं फाटकं पाकीट, आणि एक लहान मुलाचा कंगवा, गुलाबी. कंगवा गेला कसा त्या भोकातून देव जाणे. चाचांनी तो धुवून टूलबॉक्सवर ठेवला.

पाच वेळा धुतल्यावर स्वच्छ पाणी आलं. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघितलं, वरवरचा तांबूस गंज आहे, पापुद्रे सुटलेले नाहीत. खालून हातोडीने ठोकत गेलो, आवाज सगळीकडे सारखा, खणखणीत. मधे एका जागी बद्द वाजलं, तिथे अजून गाळ होता. दोरी लावून तिरकस मापं घेतली, दोन्ही सारखी, शटरला धडकली तरी वाकलेली नाही.

१८ ऑगस्ट

नवी बोली ९२ हजार. म्हणजे हातात १ लाख ६७ हजार ५००, आणि गाडी मला पडणार ९२ अधिक लाख, १ लाख ९२. ठेवतोय. संमतीपत्रावर सही करून दिली, भंगार वजा करून आरसीसकट गाडी माझ्याकडे. सही करताना हात थरथरला, खोटं कशाला बोला.

क्लेम दिला की ही पॉलिसी संपली, नवी काढावी लागेल हे पण कळलं.

२१ ऑगस्ट

नवीन माशी. लोन २०१९ लाच फिटलं पण आरसीवर फायनान्सवाल्यांचं नाव तसंच आहे, बोजा उतरवायचा राहिला (आळस, दुसरं काही नाही). त्यामुळे कंपनी पैसे आधी त्यांच्या नावाने काढणार किंवा एनओसी (लोन फिटल्याचं, हरकत नसल्याचं पत्र) द्या म्हणते. एनओसी होती, कपाटातल्या खालच्या कप्प्यात, गोडाऊनच्या कपाटात! आईने ती कापडाखाली ठेवून इस्त्रीने वाळवली, अक्षरं दिसतात पण शिक्का सगळा पसरून निळा ढग झालाय. चालणार नाही म्हणाले. फायनान्सच्या ऑफिसला तीन खेपा, दर वेळी वेगळा माणूस आणि वेगळा कागद.

२९ ऑगस्ट

एनओसी मिळाली. त्यावर एवढंच.

काम चालू आहे. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली, पहारीने सोडवली. चाकं उघडली, ग्रीसच्या जागी चिखलाची पेस्ट. ब्रेक सिलिंडर चारही बदलले, तिथे कंजुषी नाही. वायरिंग नवं न घेता हार्नेस बाहेर काढून गोड्या पाण्याने धुतला, उन्हात (जेवढं मिळालं तेवढ्या) वाळवला, हिरवे पडलेले कपलर कापून नवे लावले. ह्यातच सगळ्यात जास्त दिवस गेले. सीटचा फोम फेकला, तो वास कशानेच जात नाही.

पंप कराडला दिलाय. आत पाणी राहिलेलं, प्लंजर गेले. १४ हजार धरले होते, २९ सांगतायत.

५ सप्टेंबर, रविवार

संध्याकाळी पावणेसहाला चालू झाली.

आधी टाकी खाली करून, फिल्टर बदलून, हाताने एअर काढून, सेल तीनदा थांबून थांबून मारला. चौथ्याला खोकली, पांढरा धूर एवढा की समोरचे लोक शटर खाली करायला लागले, आणि मग तो तिचा जुना धडधड आवाज. दादाने नारळ आणलेलाच होता. दहा मिनिटं चालवून बंद, ऑइल परत काढलं, किंचित दुधट होतं. फ्लशिंग करून नवीन भरलं, उद्या तेच परत.

९ सप्टेंबर

उद्या गणपती. आळीतल्या पाच मूर्ती पेणहून आलेल्या नाक्यावर उतरवल्या होत्या, तिथून घरोघरी आपल्याच हौद्यातून पोचवल्या. वीसच्या स्पीडने. विमा नाही म्हणून गावाबाहेर काढली नाही, गावात काढली ते पण चूकच, लिहून ठेवतो. पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) कोविडमुळे ३० सप्टेंबरपर्यंत मुदत आहे ते एक बरं.

२० सप्टेंबर

पैसे जमा, १ लाख ६७ हजार ५००. सर्व्हेअरना फोन करून थँक्यू म्हणलं, ते महाडला होते, दुसऱ्या कोणाच्या गाडीखाली.

खर्चाचा आकडा पण लागला. पंपाचे जादा धरून १ लाख १८ हजार. ९२ मिळवले की २ लाख १० हजार. २ लाख १५ ला नको म्हणत होतो मी. दादाला अजून सांगितलेलं नाही.

२८ सप्टेंबर

नवी पॉलिसी. तपासणीला आलेल्या पोराने चाळीस फोटो काढले, गाडी पुरात होती का विचारलं, मी हो म्हणून सगळं सांगितलं, लपवलं आणि पुढे क्लेम लागला तर तेच गळ्यात येईल. आयडीव्ही १ लाख ९०. आयएमटी २३ घेतलं. एजंट म्हणतो कशाला उगाच खर्च. पासिंग पण करून घेतलं.

३ ऑक्टोबर

पहिली लांब खेप, कुंभार्ली घाटातून कराड, हौद्यात बाराशे किलो. टेंपरेचरचा काटा निम्म्यावरच, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये आरामात, उतारावर ब्रेक एकदाही खाली गेला नाही. क्राउनचा बारीक हूं आवाज येतो साठच्या पुढे, चाचा म्हणतात ऑइल अजून एकदा बदलू, मला वाटतं बेअरिंग. दार जोरात लावलं की डॅशबोर्डच्या मागून अजून मातीची चिमूट पायावर पडते.

डावा इंडिकेटर दिला की वायपर एक फेरी मारतो. शनिवारी इलेक्ट्रिशियन येतोय.